एक्केचाळीस सेकंदांचा फेटा

शाहूपुरी, कोल्हापूर
गुरुवार, दुकान उघडून, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि तुझा हात माझ्या कानाकडं यायच्या आत पुढचं लिहायला घेतो. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. (म्हणजे मी आहे. बाकीच्यांनी आपली खुशाली मला सांगायचं दीड महिन्यापासून बंद केलंय.) तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झाला. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा तू चुलीपुढं बसताना काढून ठेवतेस असं कळलं, तसं करू नको. मुळात चुलीपुढंच बसू नको. डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घाल. दाजींचा गुडघा काय म्हणतोय, भाताची मळणी उरकली का, म्हैस व्याली का, रेडी झाली का रेडा, हे सगळं सविस्तर कळव.

आता तू म्हणशील, फोनच्या जमान्यात हा जोत्या पत्र कशाला लिहितोय. त्याचं असं आहे की, तुझ्या वाडीत रेंज येते ती फक्त देवळामागच्या माळावर, आणि ऑपरेशन झालेल्या बाईला भावाच्या फोनसाठी माळावर चढवणं मला पटत नाही. घरात दुसरा एक फोन आहे, पण त्याच्या मालकानं माझा नंबर ब्लॉक केलाय. म्हणून पत्र. तुला वाचायची बंदी, दाजींचा चष्मा म्हशीनं तुडवलेला, म्हणजे तुझ्या घरात सध्या धड डोळ्यांचा माणूस एकच. तेव्हा हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय हे मी विचारणार न्हाय. ज्याच्यावर ही पाळी आली असेल त्यानं खणखणीत आवाजात वाचावं, मधल्या ओळी गाळू नयेत, आणि कंसातला मजकूरही वाचावा. पोस्टाचं तिकीट कंसालासुद्धा लागतं.

माझा राजवीर तुझ्याकडं येऊन दीड महिना झाला. म्हणजे घडल्या प्रकाराची एकच बाजू तुझ्या कानावर गेली असणार. (किंवा तीही गेली नसेल. पोरगं बोलायला मुळातच कंजूष. लहानपणी दात पडला तरी तीन दिवस सांगितलं नव्हतं.) तर दुसरी बाजू मी सांगतो.

आठव्या वर्षी मी त्याला तालमीत घातला हे तुला ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी त्यानं आदर्श घोरपड्याचा, आपल्या शेजाऱ्याच्या पोराचा, हात खांद्यातून काढला. चूक त्याची नव्हती, पकड धरली की सोडायची असते हेच त्याला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी त्याला एकच शिस्त लावली. मी "सोड" म्हणालो की सोडायचं. मग खाली कोणी का असेना, जिंकत असो का हरत असो. सोळा वर्षं पोरानं ती पाळली. मी गल्लीतनं जाता जाता "सोड" म्हणून खोकलो तरी ह्याच्या हातातली बादली खाली पडायची. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

मग पाच वर्षांपूर्वी त्यानं ही पिंजऱ्यातली मारामारी धरली. एमएमए म्हणतात तिला. त्यात कुस्ती आहे, बुक्की आहे, लाथ आहे, गळा आवळणं आहे. थोडक्यात, ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यावर आपल्या भावकीत जे होतं ते सगळं आहे, फक्त इथं पंच असतो. सुरुवातीला मला लाज वाटायची. कुणी विचारलं, पोरगं काय करतं, की मी सांगायचो, पुण्यात खासगी नोकरी आहे. (खोटं काय त्यात? पुण्यात राहायचा, आणि मार खासगीच खायचा.) पण त्यानं लागोपाठ चार लढती मारल्या आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरायला लागले, तसा मी सुधारलो. इतका सुधारलो की आमच्या स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरनं मला दोनदा काढलं. एक स्थळ चालून आलं तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं, पगार किती, तर मी त्यांना राजवीरनं एकाला बेशुद्ध पाडल्याचा व्हिडिओ दाखवला. पावणं पोहे तसेच ठेवून गेले.

आणि मग त्याची पाचवी लढत नेमकी कोल्हापुरातच ठरली. स्वतःच्या गावात पहिल्यांदा. जिंकला असता तर ह्या लढती भरवणारी कंपनी वर्षभराचा करार करणार होती, त्यात वर्षाला चार लढती आणि परदेशातला सराव. पोरगं त्यासाठी पाच वर्षं राबलं होतं. लढतीआधी त्याला वजन उतरवायचं होतं, साडेपाच किलो. कोल्हापुरात आक्का! ज्या गावात पैलवान बारीक दिसला तर लोक त्याच्या आईला जाब विचारतात. राजवीरच्या आईनं फ्रिजवर त्याच्या खाण्याचा तक्ता चिकटवला, उकडलेला भोपळा, उकडलेलं चिकन, मीठ बंद. शेजारपाजारची माणसं दुधाचे तांबे घेऊन यायची आणि ती दारातनंच परत लावायची. शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा मोजून. पोरगं गप पडून असायचं आणि मी त्याच्यासमोर तांबडा रस्सा ओरपायचो नाही, माडीवर जाऊन ओरपायचो, एवढा त्याग मीही केला. वास खाली येत होता हे मला नंतर कळलं.

लढत होती एका मोठ्या मंगल कार्यालयात. मधोमध आठकोनी जाळीचा पिंजरा, आणि मागं स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाचं "शुभविवाह" तसंच लटकलेलं. आपल्या तालमीची चारशे माणसं. पिराजी हलगीवाला येणार नव्हता, म्हणजे त्याला कुणी बोलावलंच नव्हतं, मी बोलावला. आणि मी जाताना पेटी उघडून तो केशरी फेटा घेतला. तोच, बत्तीस वर्षांपूर्वीच्या मैदानासाठी तू मला घेऊन दिला होतास तो. ती कुस्ती चाळीस मिनिटं चालली, अंधार पडला आणि बरोबरीत सुटली. फेटा घडीसकट पेटीत गेला. म्हटलं, आज पोराच्या डोक्यावर बांधू.

समोरचा गडी इंफाळचा. बारीक, नम्र, सारखा मान लववणारा. मला तर त्याची दयाच आली. घंटा झाली, दोघं जरा नाचले, त्यानं एक लाथ झाडली, आणि आपल्या राजवीरनं आत शिरून अशी ढाक मारली, आक्का, अशी ढाक मारली, की त्या गड्याचे पाय आधी छताला आणि मग पाठ सपाट जमिनीला! दोन्ही खांदे! पापड वाळत घालावा तसा! माझ्या बापजन्मात मी इतकी स्वच्छ चितपट बघितलेली नाही. चारशे माणसं एकदम उठली. पिराजीनं हलगीवर काठी टाकली. आणि मी पायऱ्या चढून, जाळीला धरून, फेट्याचं एक टोक वरनं आत टाकून, छाती फुटंस्तोवर ओरडलो, "झाली! सोड! उठ!"

आता मला सांग, ज्या माणसानं पन्नास वर्षं लाल मातीत घालवली, त्याला पाठ लागली म्हणजे कुस्ती संपली हे सोडून दुसरं काय सुचणार? तिथं पाठ लागल्यावर गडी बाजूला होतो, हरलेल्याला हात देतो, लोक फेटा बांधतात, हलगीच्या मागनं मैदानाला फेरी मारतात. पिंजऱ्यात पाठ लागली म्हणजे आत्ता कुठं सुरुवात, हे चार लढतींचे व्हिडिओ शंभरदा बघूनसुद्धा त्या घटकेला माझ्या डोक्यातनं साफ गेलं. चारशे माणसांच्याही गेलं. (पण त्यांचं ऐकायची सवय त्याला नव्हती.)

राजवीरनं सोडलं. उठला. माझ्याकडं वळला आणि मातीला हात लावून कपाळाला लावावा तसा त्यानं गादीला हात लावून कपाळाला नेला. तेवढ्यात मागनं त्या नम्र पोराची लाथ कानाखाली बसली. पंचानं थांबवलं. एक्केचाळीस सेकंद. पिराजीला मागं काही दिसत नव्हतं, तो आणखी पाच मिनिटं वाजवत होता. तालमीच्या दोघातिघांनी तर माझ्या कपाळाला गुलाल लावला. तो इंफाळचा पोरगा बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. हातात फेट्याचं टोक बघून त्याला मी आयोजक वाटलो असणार. मी "यशस्वी हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

राजवीर मला दोनच वाक्यं बोलला. कानाला बर्फ लावून बसला होता, वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "आबा, ती पकड मी सोडली नसती. तुम्ही म्हणाला म्हणून सोडली." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो तुझ्याकडं आला. कंपनीनं करार गुंडाळून ठेवला. फेटा जाळीत अडकला होता तोही हरवला, त्यावरनं मी कार्यालयाच्या मॅनेजरशी विनाकारण भांडलो. ऑपरेशनआधी तुझा शेवटचा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, "पोरगं रोज पहाटे आंब्याच्या झाडाला कसलं तरी केशरी कापड गुंडाळून ओढत बसतंय. झाडानं काय केलंय त्याचं?" मी म्हटलं, सराव असेल. आणि फोन ठेवून दुकानात शटरच्या मागं जाऊन जरा बसलो.

इथं घरी माझी अवस्था सांगायची तर राजवीरच्या आईनं फ्रिजवरचा तो तक्ता काढलेला नाही. तो आता मला लागू आहे. मी म्हटलं, माझी कुठं लढत आहे? तर म्हणाली, "आधी तोंडाचं वजन उतरवा." सहा किलो उतरलंय. विजार कमरेला दोरी बांधून घालतोय.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्या खेळालाच जाऊन जाब विचारतो. आपल्या दुकानापासनं चार गाळे सोडून, टायरच्या दुकानावर, राजवीर गावात असला की जिथं सराव करायचा तो क्लास आहे. चालवते स्वप्नाली नावाची पोरगी, राजवीरबरोबर पुण्यात शिकलेली, त्याच्या लढतीत कोपऱ्यात उभी राहणारी. मी वर जाऊन तिला म्हणालो, पाठ लागल्यावर मारणं ही कसली मर्दुमकी? तिनं मला खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही. म्हणाली, "काका, बूट काढा आणि आत या." आणि हाक मारून एकाला पुढं केलं. कोण असेल सांग बघू? आदर्श! ज्याचा खांदा राजवीरनं लहानपणी काढला होता तोच. आता बँकेत आहे, चष्मेवाला, वजन बावन्न किलो, वारं जोरात आलं तर पासबुकासकट उडेल. माझ्यासमोर येऊन तो आपण होऊन पाठीवर आडवा झाला. मी मनात म्हटलं, चला, काम सोपं झालं. वर गेलो, दोन्ही खांदे दाबले आणि स्वप्नालीकडं बघून म्हणालो, "झाली."

ते शेवटचं वाक्य. पुढच्या क्षणी त्या किडमिड्या पोराचे पाय माझ्या मानेभोवती, माझाच हात माझ्याच गळ्यावर, आणि डोळ्यांपुढं शुभविवाह. वरनं स्वप्नालीचा आवाज आला, "काका, थापटा!" म्हणजे हातानं दोनदा थापटलं की समोरच्यानं सोडायचं, असा नियम. मी म्हटलं, मरीन पण थापटणार न्हाय. मग विचार बदलला. दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो तर हा काउंटरच्या आतनं, रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारतोय, "काका, मान कशी आहे?"

आक्का, तेव्हापासून मी रोज जातोय. हसू नको. (वाचणाऱ्यानंही हसू नये.) वय अठ्ठावन्न, विजारीला दोरी, आणि एका महिन्यात एकतीस वेळा थापटलंय. पण एक गोष्ट कळली. पाठ लागल्यावर माणसाजवळ इतकं काम शिल्लक असतं! दोन पाय आहेत, दोन हात आहेत, कंबर आहे, डोकं आहे. मी सगळं आयुष्य पाठ लागली की डोळे मिटून उठत होतो आणि घरी जाऊन तुम्हा सगळ्यांवर ओरडत होतो. खाली पडल्या पडल्या वरच्याला धरून ठेवायचं, श्वास घ्यायचा आणि वाट बघायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. परवा मी आदर्शला पाठीवरनं उलटा केला. एकदाच. तो म्हणाला शिंक आली होती, पण ते खोटं आहे.

बाकी लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मनगट काल त्याच आदर्शनं पिरगाळलंय आणि गिऱ्हाईक क्लच प्लेटसाठी खोळंबलंय. दाजींना नमस्कार, म्हशीला चारा, आणि घरातल्या धड डोळ्यांच्या माणसाला जे काही तो घेईल ते सांग.

तुझा धाकटा,
जोतीराम

ता. क. : सोबत डोळ्यांच्या थेंबांची दुसरी बाटली आणि दाजींसाठी चष्म्याची नवी काच पाठवतोय. काच लगेच बसवू नको. निदान हे पत्र दोनदा वाचून होईपर्यंत तरी थांब.

ता. क. २ : आता खरं काम सांगतो. येत्या अठरा तारखेला पुण्यात राजवीरची लढत आहे. कंपनीनं एकच संधी पुन्हा दिली आहे, ही गेली तर परत बोलावणार नाहीत. हे मला त्यानं नाही, स्वप्नालीनं सांगितलं. कोपऱ्यात तिघांना उभं राहता येतं, त्यांची नावं आधी द्यावी लागतात. दोन नावं लिहून झाली, एक तिचं, एक पुण्याच्या कोचचं. तिसरी ओळ मोकळी आहे. ती मोकळी का ठेवली, मी विचारलं नाही. तू त्याला विचार. पाण्याची बाटली धरायला आणि तोंड पुसायला माणूस लागतो म्हणे. मी दोन्ही कामं करू शकतो. हवं तर तोंडावर चिकटपट्टी लावून येतो.

ता. क. ३ : आक्का, आता तू जरा उठून परड्यात जा आणि म्हशीकडं बघून ये. काळा चष्मा घालून जा. पुढचं मोठ्यानं वाचायचं नाही.

राजवीर, चूक माझी होती. माझीच होती, पंचाची नाही, पिराजीची नाही, त्या इंफाळच्या पोराची तर मुळीच नाही. मैदान तुझं होतं आणि फेटा मी माझ्यासाठी आणला होता. बत्तीस वर्षं तो पेटीत ठेवून मीच कुजवला, आणि घाई मात्र तुझ्या डोक्यावर केली. तो तुझ्याकडं आहे हे मला आक्कानं न सांगता सांगितलं. आंब्याला गुंडाळून ओढतोस ते बरं करतोस. फाटला तर फाटू दे. त्याचा एवढा उपयोग आजवर कुणी केलेला नाही.

माझी पाठ लागली आहे रे. दोन्ही खांदे. पण तुझ्या खेळाच्या नियमानं बघितलं तर अजून संपलेलं नाही, असं मी धरून चाललोय. आणि "सोड" हा शब्द मी आता फक्त आदर्शला म्हणतो, तेही गळ्यातनं आवाज निघाला तर.

ता. क. ४ : राजवीर, पत्राला उत्तर लिहायचा तुला कंटाळा, हे मला ठाऊक आहे. माळावर जाऊन नुसता मिस कॉल दे. एक रिंग वाजली तर "या" असं समजेन. दोन वाजल्या तर "या, पण गप बसा." तीन वाजल्या तर "पिराजीलाही आणा." येऊ नका म्हणायला किती वाजवायच्या ते मी ठरवलेलं नाही, आणि तू ठरवू नको.